खेळणं, बघणं आणि गेम: पडद्यासमोरचे सगळे तास सारखे का नसतात

"दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा जरा मैदानावर जा." हे वाक्य मराठी घरांत रोज ऐकू येतं आणि त्यामागची काळजी खरी असते. पण त्यात दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळलेले असतात. एक शरीराचा: हातपाय हलले की नाही. दुसरा डोक्याचा: समोर जे चाललंय त्यात आपण काही ठरवतोय की फक्त बघतोय. पहिल्या हिशेबात व्हिडिओ गेम टीव्हीच्या रांगेत बसतो. दुसऱ्या हिशेबात तो क्रिकेट-कबड्डीच्या बराच जवळ जातो. तिसराही एक हिशेब आहे, तो घरात फारसा कुणी मांडत नाही: हे थांबणार कधी आणि ते ठरवतं कोण? 'स्क्रीन टाइम'चा एकच आकडा धरून बसलं की हे तिन्ही हिशेब नजरेआड होतात.

शरीराचा हिशेब

शरीर किती काम करतंय हे मोजायला 'मेट' नावाचं एक माप वापरतात. शांत बसलेल्या माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं ते १ मेट. सोयीसाठी एक सूत्र लक्षात ठेवता येतं: मेट गुणिले किलोतलं वजन, म्हणजे तासाभरात साधारण किती किलोकॅलरी खर्च झाल्या. ६० किलोचा माणूस टीव्हीसमोर बसला तर तासाला ६० ते ८० किलोकॅलरी जातात. बसून गेम खेळला तर फार तर ८० ते ११०. तोच माणूस झपाझप चालला तर २०० ते २५०, मित्रांबरोबर फुटबॉल खेळला तर ४०० च्या वर आणि ताशी ८ किलोमीटर वेगानं पळला तर ५०० च्या आसपास. ३ ते ६ मेटच्या हालचालीला मध्यम व्यायाम म्हणतात, ६ च्या वरच्या हालचालीला जोरदार. बसून खेळलेला कुठलाही गेम यातल्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार. या खात्यात बसून खेळलेला गेम शून्य रुपये जमा करतो, टीव्हीही शून्यच. 'गेममुळे मूल जाड झालं' आणि 'टीव्हीमुळे जाड झालं' या दोन वाक्यांत शरीराच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. दोन्हीकडे मूल बसलेलं आहे, एवढंच शरीराला कळतं.

इथे एक गोष्ट फसवते. चुरशीच्या गेममध्ये छाती धडधडते, तळवे घामेजतात आणि हातातलं स्मार्ट वॉच म्हणतं की नाडी ११० वर गेली. मग 'एवढा व्यायाम तर झालाच' असं वाटू लागतं. पळताना नाडी वाढते ती मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना प्राणवायू हवा असतो म्हणून. त्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडणारे स्नायू रक्त हृदयाकडे परत ढकलतात आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं. या कामातून हृदय मजबूत होतं. गेममध्ये नाडी वाढवतं ते ॲड्रेनलिन, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात सुटणारं संप्रेरक. ठोके वाढतात, पण रक्ताची वाढीव मागणी करणारे स्नायू गादीवर पसरलेले असतात. नाडीवरून कॅलरी काढणारं घड्याळ अशा वेळी फुगवलेला आकडा दाखवू शकतं, कारण धडधड कशामुळे झाली हे त्याला कळत नाही.

आणि ही धडधड फक्त गेम खेळणाऱ्यांची नाही. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला तेव्हा बव्हेरिया भागातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली गेली होती. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या सुमारे अडीच पटींहून जास्त होते. सामना खेळत होते मैदानावरचे बावीस जण, ताण पडला बघणाऱ्यांच्या हृदयावर. 'बघणं म्हणजे शरीराला काहीच नाही' हा समजही त्यामुळे पुरा खरा नाही. फायदा मिळत नाही, भार मात्र पडू शकतो.

अंग हलवायला लावणारे गेमही असतात. नाचण्याच्या चटईवरचे गेम ५ ते ७ मेटपर्यंत जातात, म्हणजे ते खरोखर व्यायामात मोजता येतात. पण हातात काठी धरून हवेत रॅकेट फिरवायचे जे गेम २००६ नंतर घराघरांत आले, त्यांत खेळाडू दोन दिवसांत शिकतात की पूर्ण हात फिरवायची गरज नाही, मनगटाचा एक झटकाही यंत्राला पुरतो. मग सोफ्यावर बसून टेनिस सुरू होतं. चालायला लावणाऱ्या पोकेमॉन गोचंही असंच झालं. २०१६ साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात खेळणाऱ्यांची पहिल्या आठवड्यात रोजची सुमारे ९५५ पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ नाहीशी झाली. हालचालीचे गेम विकत घेताना हे धरूनच चालावं: पहिला महिना ते काम करतात, पुढे कुणीतरी बरोबर खेळायला असेल तरच.

मैदानावर गेलं म्हणजे हिशेब आपोआप भरला असंही नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लाँग ऑनला उभं केलेलं पोरगं तासात चार वेळा पळतं. खो-खोत पाटीवर बसलेल्या आठ जणांना खो मिळेपर्यंत बसून राहावं लागतं, पण खो मिळताच पूर्ण वेगानं सुटावं लागतं. त्याच तासात फुटबॉल किंवा लंगडी कितीतरी जास्त घाम काढते. मूल 'खेळून आलं' यापेक्षा ते दमून आलं का, हे बघावं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढी धाप म्हणजे मध्यम व्यायाम. सलग चार-पाच शब्दही नीट निघत नसतील तर जोरदार. मेटचं कोष्टक हाताशी नसलं तरी ही कसोटी पुरते.

डोक्याचा हिशेब

मालिका चालू असताना डुलकी लागली तरी मालिका पुढे सरकते. गेममध्ये बोट उचललं की गाडी कठड्यावर आदळते. गेमचा सगळा गाभा या एका फरकात आहे. पडद्यावर काय चाललंय ते बघायचं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, बटण दाबायचं, परिणाम बघायचा आणि अंदाज सुधारायचा, असा हा फेरा अखंड चालतो. बहुतेक गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा एकूण वेळ १०० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की हाताला ते जाणवतं. काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण 'गेम माझं ऐकत नाही' असं वाटू लागतं.

हे बिघडतं तीन ठिकाणी. टीव्हीवर गेम जोडला असेल तर टीव्ही चित्र सुबक करण्यात वेळ घालवतो. त्याच्या सेटिंगमधला 'गेम मोड' चालू केला की ही प्रक्रिया बंद होते आणि उशीर एकदम कमी होतो. मोबाइलवर खेळताना फोन तापतो, तापला की आतली चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्रं अडखळतात. यावर उपाय म्हणजे मागचं कव्हर काढणं, चार्जिंगला लावून न खेळणं आणि ग्राफिक्स एक पायरी खाली आणणं. तिसरं ठिकाण इंटरनेट. पिंग, म्हणजे आपला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ५० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर सुखानं खेळता येतं, १५० च्या पुढे गेला की आपण नेम धरून मारलेला प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात तिथून केव्हाच निघून गेलेला असतो. सरासरी पिंग चांगला असूनही तो सारखा खालीवर होत असेल तर त्रास जास्तच, कारण हाताला एका ठरावीक उशिराची सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही. गेममधली पुष्कळशी चिडचिड इथून येते. राउटर दोन खोल्या जवळ आणल्यानं मुलाचा स्वभाव सुधारल्यासारखा वाटला तर त्यात आश्चर्य नाही.

आता हाच फेरा क्रिकेटमध्ये बघा. ताशी १४० किलोमीटरनं आलेला चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं सुमारे १७.७ मीटर अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. दिसलेल्या गोष्टीला माणसाचा हात प्रतिसाद द्यायलाच साधारण पाव सेकंद लागतो आणि बॅट फिरवायला वेळ लागतो तो वेगळा. चेंडू 'बघून' मारायला वेळ उरतच नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. त्यांना असं दिसलं की फलंदाज चेंडूच्या मागेमागे नजर नेत नाही. हातातून सुटलेला चेंडू क्षणभर बघून तो जिथे टप्पा घेणार तिथे नजर आधीच उडी मारते आणि चांगल्या फलंदाजाची नजर लवकर उडी मारते. म्हणजे फलंदाजी हा बऱ्याच अंशी अंदाजाचा खेळ आहे. शूटिंगच्या गेममध्ये कोपऱ्यावर आधीच नेम धरून थांबणारा खेळाडूही तेच करतो: प्रतिक्रिया कमी, भाकीत जास्त. या बाबतीत दोघे एकाच जातीचे आहेत आणि टीव्ही बघणारा त्यांच्यापासून फार दूर आहे.

पण एका जागी वाट फुटते. कबड्डीच्या चढाईला ३० सेकंद मिळतात. समोर सात जण साखळी धरून उभे असतात, तोंडानं 'कबड्डी, कबड्डी' चालू ठेवायचं असतं, बोनस रेषा ओलांडायची की मध्यरेषेकडे वळायचं हे ठरवायचं असतं आणि ही त्या सामन्यातली पंधरावी चढाई असते. पाय जड झालेत, दम कमी उरलाय आणि त्याच अवस्थेत ठरवायचंय. दमलेल्या शरीरानं घेतलेला निर्णय ही मैदानी खेळाची खास गोष्ट आहे. गेममध्ये दमतं ते पडद्यावरचं पात्र. त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी कमी होते, खेळणाऱ्याचा श्वास मात्र तसाच असतो. स्वतःच्या ताकदीचा अंदाज घेणं, ती राखून वापरणं, दुखऱ्या पायानं उरलेला डाव काढणं हे शिक्षण कुठलाही कंट्रोलर देऊ शकत नाही. मैदानाची बाजू मांडताना 'डोळे खराब होतील' हे कारण पुढे करण्यापेक्षा हे कारण कितीतरी वजनदार आहे.

गेमच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की आव्हान आणि कौशल्य जवळपास बरोबरीचे असतात तेव्हा माणूस कामात सगळं विसरून रमतो. आव्हान जड झालं तर धास्ती वाटते, हलकं झालं तर कंटाळा येतो. ऑनलाइन गेम हे गणितानं जुळवतात. बुद्धिबळासाठी अर्पाद एलो यांनी तयार केलेल्या गुणांकनासारख्या पद्धतीनं प्रत्येकाची पातळी काढतात आणि त्याच पातळीचा प्रतिस्पर्धी समोर आणतात, त्यामुळे नवखाही साधारण निम्म्या वेळा जिंकतो. गल्लीत हे काम पोरं स्वतः करतात. लहानग्याला लिंबूटिंबू धरतात, तो बाद होत नाही पण खेळात असतो. पण बारा-तेरा वर्षांच्या कच्च्या खेळाडूला लिंबूटिंबू होता येत नाही आणि बॅटिंगही मिळत नाही. अशी मुलं मैदान सोडून गेमकडे वळतात. त्यांना परत आणायचं तर 'जा मैदानावर' एवढं पुरत नाही, त्यांच्या पातळीचा गट शोधून द्यावा लागतो.

गेमनं डोकं तल्लख होतं का? काही प्रमाणात, आणि अगदी ठरावीक बाबतीत. शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बव्हेलिए यांनी २००३ साली गेम न खेळणाऱ्या लोकांना रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस एक ॲक्शन गेम खेळायला लावला. दुसऱ्या गटाला टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम दिला. ॲक्शन गेमवाल्यांचं एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवण्याचं कौशल्य टेट्रिसवाल्यांपेक्षा जास्त सुधारलं. पण एका कामात कमावलेलं कसब त्याच्यासारख्याच कामात उतरतं, लांबच्या कामात फारसं नाही. नजरेचा गेम नजर सुधारेल, गणिताचे मार्क नाही. 'मेंदूचा व्यायाम' म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपचे दावे याच कारणानं जपून घ्यावेत. २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामकानं ८ ते १२ वर्षांच्या अवधान-कमतरता (एडीएचडी) असलेल्या मुलांसाठी एका गेमला मान्यता दिली, पण तो त्याच कामासाठी बनवलेला होता आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत होता. त्या बातमीचा आधार घेऊन कुठल्याही गेमला औषध म्हणता येणार नाही.

बघण्याचे प्रकार

रॉबर्ट क्यूबी आणि चिक्सेंटमिहाय यांनी लोकांना दिवसभर बीपर देऊन ठेवले आणि तो वाजेल तेव्हा 'काय करताय, कसं वाटतंय' हे लिहायला लावलं. टीव्ही बघताना लोकांना निवांत वाटत होतं, पण सतर्कता कमी झालेली होती. टीव्ही बंद केल्यावर निवांतपणा लगेच ओसरत होता आणि मरगळ मात्र रेंगाळत होती. खेळ किंवा छंदानंतर बहुतेकांना उलट ताजंतवानं वाटत होतं. टीव्हीचा विसावा तो चालू असेपर्यंतच टिकतो, म्हणून बंद करायला हात धजावत नाही.

तरीही सगळं बघणं एका मापाचं नसतं. पकडीतला बारकावा कळणारा प्रेक्षक कबड्डीचा सामना बघताना मनातल्या मनात खेळत असतो, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू कधी पुढे येईल याची भाकितं करत असतो. रील्स बघताना भाकीत करायला वेळच मिळत नाही, पुढचं दृश्य अंगठ्याखाली आलेलं असतं. आणि पालकांनी नेमकी तपासावी अशी एक गोष्ट: 'मुलगा गेम खेळतो' असं वाटत असताना तो पुष्कळदा दुसऱ्या कुणाला गेम खेळताना यूट्यूबवर बघत असतो. हे टीव्हीच आहे. दोन्ही मिळून तीन तास होत असतील तर त्यातले खेळण्याचे किती आणि बघण्याचे किती हे फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये ॲपनुसार दिसतं. आठवड्याचे आकडे काढा. कमी करायचंच असेल तर आधी बघण्याचे तास कापा, त्याला विरोधही कमी होतो.

थांबणार कधी, ठरवणार कोण

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि घरातले बहुतेक वाद इथेच होतात.

कबड्डीचे २०-२० मिनिटांचे दोन डाव संपतात. वीस षटकं संपतात. अंधार पडतो, चेंडू गटारात जातो, कुणाची तरी आई हाक मारते. मैदानी खेळाला बाहेरून लागणारे लगाम पुष्कळ आहेत आणि सगळ्यात मोठा लगाम म्हणजे थकवा. गेममध्ये थकवा नाही, अंधार नाही. शेवट कुठे ठेवायचा हे गेम बनवणारा ठरवतो. त्यामुळे गेमची निवड करताना त्याच्या मारामारीपेक्षा त्याचा शेवट बघावा.

ढोबळ मानानं तीन तऱ्हा असतात. पहिली सामन्यांची: बुद्धिबळाचा दहा मिनिटांचा डाव, फुटबॉल गेमचे सहा-सहा मिनिटांचे दोन भाग, बीजीएमआयसारख्या (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) गेममधली अर्ध्या तासाच्या आसपासची मॅच. इथे मूल 'पाच मिनिटं थांब' म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत असेलच असं नाही. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. उठलं तर संघात एक जण कमी होतो, गुणांकन घसरतं, वारंवार उठलं तर गेम काही काळ खेळूही देत नाही. अशा गेमला घड्याळाची मर्यादा लावली की रोज भांडण होतं. मर्यादा मॅचच्या संख्येवर लावा: 'आज दोन मॅच'. आणि जेवण साडेआठला असेल तर आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. नियम सुरुवातीला लावायचा, मध्ये नाही.

दुसरी तऱ्हा गोष्टीच्या गेमची. ते कुठेही थांबवता येतात किंवा प्रगती जपण्याच्या ठरावीक जागा असतात, आणि गोष्ट संपली की गेम संपतो. घरात आणायला हे सगळ्यात सोपे. पालकांना यांची माहिती सगळ्यात कमी असते, कारण ते फुकट मिळत नाहीत आणि त्यांच्या जाहिरातीही कमी दिसतात.

तिसरी तऱ्हा कधीच न संपणाऱ्या गेमची आणि ती बहुधा 'फुकट' असते. ती ओळखायच्या खुणा: रोज उघडलं तर बक्षीस आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते, 'ताकद' संपली की चार तास थांबा किंवा पैसे द्या, नाणी वेगळी, हिरे वेगळे, अशी दोन-तीन चलनं, म्हणजे खऱ्या रुपयांत किती गेले ते कळू नये, आणि आत काय निघेल हे न सांगणारी पेटी. या पेटीमागचं तत्त्व बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून आलेलं आहे. दर दहाव्या चोचीला दाणा मिळाला तर प्राणी दाण्यानंतर विसावा घेतो. कधी तिसऱ्या, कधी विसाव्या चोचीला, असा नेम नसलेला दाणा मिळाला तर तो चोच मारायचा थांबत नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. बेल्जियमनं २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. चीननं २०२१ साली १८ वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ठेवला. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यात ईस्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, मात्र वेगळं काढून मान्यता दिली.

या तिसऱ्या तऱ्हेचा गेम फोनवर असेलच तर तीन कामं आजच करावीत. त्या गेमच्या सूचना (नोटिफिकेशन) पूर्ण बंद करा, कारण साखळी तुटल्याची आठवण सूचनाच करून देते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय चालू करा. आणि मुलाच्या हातातल्या फोनवरून कार्ड आणि यूपीआय काढून टाका. पासवर्ड ठेवला पण कार्ड तसंच राहिलं, इथे पुष्कळ घरं फसतात. मुलांना पासवर्ड माहीत असतात.

ईस्पोर्ट्स हा खेळ मानायचा का

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ईस्पोर्ट्स प्रदर्शनापुरते होते. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारनं ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. कौशल्य, सराव, संघभावना, दडपण या कसोट्यांवर ते उतरतात आणि बुद्धिबळाला खेळ म्हणणाऱ्यांनी 'घाम कुठे येतो' हा आक्षेप घेऊ नये.

खरा फरक मालकीचा आहे. कबड्डीचा मालक कुणी नाही. संघटना भांडल्या, दोन झाल्या तरी अंगणात रेषा आखून कबड्डी खेळता येते. गेम एका कंपनीच्या मालकीचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत त्याच गेमवर करिअर उभं करणाऱ्या खेळाडूंच्या पायाखालचं मैदान कुणीतरी गुंडाळून नेल्यासारखं झालं. शिवाय एका अपडेटनं बंदुकीची ताकद बदलते आणि दोन वर्षांचा सराव अर्धा निरुपयोगी होतो. ज्याला यात पुढे जायचंय त्यानं शिक्षण चालू ठेवावं, हा सल्ला कुठल्याही खेळाला लागू आहे, पण इथे जरा जास्तच.

बसायचं कसं, बघायचं कसं

पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, कोपर काटकोनात, मनगट सरळ. मोबाइल मांडीवर ठेवून खेळलं की मान वाकते आणि डोक्याचा सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. फोन उशीवर किंवा स्टँडवर उचलून धरा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखू लागलं तर ती अंगठ्याच्या कंडरेच्या आवरणाची सूज असू शकते. खेळत राहून ती बरी होत नाही, काही आठवडे विश्रांती लागते.

पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघावं. चष्म्याच्या नंबराचं मात्र वेगळं आहे. लहान मुलांना लांबचं न दिसण्याचा दोष लागू नये म्हणून सगळ्यात चांगला पुरावा आहे तो बाहेरच्या उजेडाच्या बाजूनं. घरात दिव्याखाली काहीशे लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, बाहेर दिवसा हजारो. रोज दीड-दोन तास दिवसाउजेडी बाहेर राहणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळतो. म्हणजे संध्याकाळी साडेसातला दिव्यांच्या टर्फवर खेळणं शरीराला चांगलं, पण डोळ्यांच्या या हिशेबात ते धरता येत नाही.

झोपेआधीचा तास गेमसाठी सगळ्यात वाईट. निळ्या प्रकाशाची चर्चा फार होते, पण चुरशीच्या मॅचनं चढलेला ताण आणि 'एकच अजून'मध्ये सरकत गेलेली वेळ यांनी जास्त झोप जाते. त्या तासाला टीव्हीवरची जुनी, माहीत असलेली मालिका गेमपेक्षा बरी. निष्क्रिय करमणुकीचा हा एक खरा उपयोग आहे.

किती म्हणजे जास्त

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. त्यात तासांचा आकडा नाही. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही; झोप, अभ्यास, माणसं या सगळ्यांच्या आधी गेम येतो; आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान होतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या खेळण्याच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा खेळण्याचे तास वाढले म्हणून मनःस्वास्थ्य बिघडलं असं फारसं दिसलं नाही. आपल्याला आवडतं म्हणून खेळणं आणि खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळणं, यांत मात्र फरक दिसला.

सुट्टीत रोज चार तास खेळून शाळा सुरू झाल्यावर एकावर येणारं मूल आजारी नाही. रोज दीडच तास खेळणारं, पण त्यासाठी खोटं बोलणारं, आंघोळ-जेवण टाळणारं, मित्रांना भेटायचं सोडलेलं मूल काळजीचं आहे. अशा वेळी फोन हिसकावल्यानं बहुधा भडका उडतो. मूल कशापासून पळतंय, हे आधी शोधावं लागतं: वर्गात कुणी छळतंय का, अभ्यास झेपत नाहीये का, घरात ताण आहे का. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. तेवढं लांब जायची गरज नसते. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.